पेशीच्या पोटातली परीक्षा

टायफॉइडच्या पेशंटचा ब्लड कल्चरचा रिपोर्ट हाती आला की घरचे लोक आधी शेवटचं पान उघडतात. तिथे अँटिबायोटिकांची यादी असते आणि प्रत्येक नावापुढे एक अक्षर: एस, आय किंवा आर. एस म्हणजे जंतू त्या औषधाने मरतो, आर म्हणजे दाद देत नाही, आय म्हणजे अधलंमधलं. रिपोर्ट नाशिकच्या पंडित कॉलनीतल्या लॅबचा असो नाहीतर मालेगावच्या, मांडणी ठरलेली. पण नियमाने चालणारी लॅब टायफॉइडच्या यादीत जेन्टामायसिनपुढे ‘एस’ छापत नाही. जंतू वाढवायच्या बशीत लावून पाहिलं तर हेच जेन्टामायसिन टायफॉइडच्या जंतूला मारून दाखवतं. तरीही तसं कळवू नये असा लॅबसाठीचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे, कारण पेशंटला टोचलं तर ताप हटत नाही.

अ‍ॅझिथ्रोमायसिनचं नेमकं उलटं. ५०० मिलिग्रॅमची गोळी घेतल्यावर रक्तातली त्याची पातळी दर मिलिलिटरला जेमतेम ०.४ मायक्रोग्रॅमपर्यंत चढते. टायफॉइडच्या जंतूला रोखायला मात्र बशीत १६ मायक्रोग्रॅम लागले तरी लॅब ‘एस’च लिहिते. कागदावर हा हिशेब चाळीस पटींनी फसलेला दिसतो. पेशंट तरीही बरा होतो.

टायफॉइडचा जंतू रक्तात मोकळा सापडतो तो थोडाच. त्याचा मुक्काम यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेतल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशींच्या आत असतो. या पेशींचं कामच जंतू गिळून पचवण्याचं, आणि हा पठ्ठ्या त्यांच्याच पोटात बस्तान मांडतो. जेन्टामायसिनला पेशीचं पटल सहजी ओलांडता येत नाही. थोडंफार आत गेलंच तर ते आम्लधर्मी कप्प्यांत अडकतं, आणि आम्लात त्याची धार बोथट होते. अ‍ॅझिथ्रोमायसिन सौम्य अल्कधर्मी असल्यामुळे त्याच कप्प्यांत खेचलं जाऊन साठत राहतं, रक्तातल्या पातळीच्या कितीतरी पट. म्हणजे औषधाच्या दोन परीक्षा आहेत. एक बशीतली, दुसरी पेशीच्या पोटातली. ही कुळकथा दुसरीची. तिची एक फांदी मुंबईत वरळीला फुटली होती, आणि माझ्या मते साऱ्या वंशवृक्षात तीच सगळ्यांत कल्पक होती.

मूळपुरुष शोधायला गेलं तर इल्या मेचनिकॉफपाशी पोचतो. १८८२ साली हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ सिसिलीतल्या मेसिनाला समुद्रकाठी राहत होता. घरची मंडळी सर्कशीला गेली असताना त्याने तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर काट्याभोवती फिरत्या पेशींनी गर्दी केली होती. शरीर आपलं रक्षण गिळून करतं, हा सिद्धांत त्यातून निघाला आणि १९०८ चं नोबेल पारितोषिक त्याला पॉल एर्लिकबरोबर विभागून मिळालं. जंतूचा अचूक वेध घेणाऱ्या औषधाचं स्वप्न पाहणारा तो हाच एर्लिक. भक्षक पेशीचा शोधक आणि औषधाचा स्वप्नाळू एकाच बक्षिसाचे वाटेकरी झाले. पण एकाचं औषध दुसऱ्याच्या पेशीत शिरतं का, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. विचारायला औषधंच कुठे होती?

मेचनिकॉफचा एक विद्यार्थी आपल्याकडे येऊन गेला. वाल्डेमार हाफकिन ओडेसात त्याच्या हाताखाली शिकला, पॅरिसला पाश्चर संस्थेत त्याच्यामागून गेला आणि प्लेग उसळल्यावर मुंबईत दाखल झाला. १० जानेवारी १८९७ ला त्याने आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच कामातून उभी राहिली. त्या प्लेगने नाशिक जिल्ह्यालाही सोडलं नाही. भगूरच्या दामोदरपंत सावरकरांचा, म्हणजे विनायकरावांच्या वडिलांचा, १८९९ मध्ये प्लेगनेच घास घेतला. प्लेगचा जंतूही सुरुवातीला मॅक्रोफेजमध्ये तग धरतो हे नंतर समजलं.

भगूरला लागूनच देवळाली. तिथल्या कॅम्पात वेगवेगळ्या समाजांनी बांधलेली सॅनिटोरियमं आजही आहेत. मुंबईची दमट हवा सोडून कोरड्या, उंचावरच्या हवेत महिना-दोन महिने काढायचे याला ‘हवापालट’ म्हणत. क्षयावर औषध नव्हतं तेव्हा चांगली हवा, विश्रांती आणि दूध-अंडी हेच जगभर औषध मानलं जाई. अमेरिकेत सॅरॅनाक लेकचं ट्रूडो सॅनिटोरियमही त्याच विचाराचं. या दुसऱ्या नावाकडे पुन्हा यायचं आहे.

१९४३ मध्ये अमेरिकेत रटगर्सला वाक्समनच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शॅट्झने स्ट्रेप्टोमायसिन वेगळं काढलं. क्षयाच्या जंतूवर चालणारं हे पहिलं अँटिबायोटिक. पेशंट सुधारत, मग काहींचा आजार उलटे. जंतू औषधाला सरावतो हे त्याचं मोठं कारण, पण एकमेव नव्हे. क्षयाचा जंतू मॅक्रोफेजमध्ये राहतो हे जुन्या काचपट्ट्यांवरूनही दिसत होतं. स्ट्रेप्टोमायसिन तिथे पोचतं का?

हा प्रश्न नीट मांडून प्रयोगाला बसवला तो जॉर्ज मॅकनेसने. ऑस्ट्रेलियाचा हा तरुण डॉक्टर ऑक्सफर्डला फ्लोरीच्या विभागात काम करत होता, पेनिसिलिनला औषधाच्या रूपात आणणाऱ्या त्याच फ्लोरीच्या. मॅकनेसने प्राण्यांच्या मॅक्रोफेज शरीराबाहेर वाढवल्या, त्यांना क्षयाचे जंतू गिळू दिले आणि मग औषध घातलं. १९५२ मध्ये निष्कर्ष छापून आले. मोकळ्या जंतूंना पुरणारी स्ट्रेप्टोमायसिनची मात्रा गिळलेल्या जंतूंना पुरत नव्हती, कितीतरी वाढवावी लागत होती. आयसोनियाझिड हे औषध त्याच वर्षी नव्याने पुढे आलं होतं. ते पेशीच्या आतही जवळपास बाहेरच्याइतक्याच सफाईने काम करत होतं. त्याच वर्षी अमेरिकेत इमॅन्युअल सुटरने स्वतंत्रपणे हाच मुद्दा तपासला. पुढच्या वर्षी ब्रुसेलाबद्दल तसंच निघालं: पेशीच्या आतल्या जंतूला औषधापासून संरक्षण मिळतं. मॅकनेस पुढे त्याच सॅरॅनाक लेकला, सॅनिटोरियम बंद झाल्यावर निघालेल्या ट्रूडो संशोधन संस्थेचा संचालक म्हणून गेला. हवेने क्षय बरा करू पाहणाऱ्या गावात आता मॅक्रोफेजवर काम सुरू झालं. देवळालीच्या वाट्याला तसं काही आलं नाही.

स्ट्रेप्टोमायसिनचा नाशिकशी संबंध मात्र निराळ्या वाटेने आला. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने, म्हणजे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कारखान्याने, स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन एकत्र करून ‘स्ट्रेप्टोसायक्लिन’ नावाची पूड बाजारात आणली. डाळिंबावर ‘तेल्या’ रोग पडला की नाशिक जिल्ह्यातल्या सटाणा-देवळा भागातला शेतकरी तिची पुडी पंपात टाकून फवारत असे. माणसाच्या एका पेशीत जे नीट शिरू शकलं नाही ते एकरच्या एकर बागांवर उडत राहिलं. जंतूला प्रतिकाराची शिकवणी द्यायला यापेक्षा खुली शाळा सापडणार नाही.

१९५२ चं आणखी एक औषध या गोष्टीत महत्त्वाचं आहे: पायराझिनामाइड. नेहमीच्या, उदासीन माध्यमाच्या बशीत ते क्षयाच्या जंतूचं काही वाकडं करत नाही. केवळ बशीच्या परीक्षेवर विसंबलं असतं तर ते कचऱ्यात गेलं असतं. उंदरांत चाललं म्हणून वाचलं, आणि दोन वर्षांत कळलं की ते आम्लधर्मी माध्यमातच जागं होतं. क्षयाचा उपचार पुढे सहा महिन्यांवर आणण्यात या गोळीचा मोठा हात आहे. आजही नाशिकच्या सरकारी दवाखान्यात क्षयाचा नवा पेशंट पहिले दोन महिने तीच घेतो.

एवढं होऊनही रोजच्या लॅबमध्ये जिंकली ती बशीच. १९६६ मध्ये सिएटलच्या बाउअर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चकतीची पद्धत प्रमाणित केली. जंतू पसरलेल्या जेलीवर औषधाच्या कागदी चकत्या ठेवायच्या, रात्रभर उबवायच्या, सकाळी चकतीभोवतीचं मोकळं वर्तुळ मिलिमीटरच्या पट्टीने मोजायचं. स्वस्त, सोपी, आणि बहुतेक जंतूंना चांगलीच लागू. नाशिकला मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे एमबीबीएसचे विद्यार्थी राज्यभर हीच शिकतात. यात गैर काही नाही. मूत्रमार्गातल्या ई-कोलायसाठी मॅक्रोफेज वाढवत बसणं हा वेडेपणाच ठरेल.

पण एक जंतू असा होता की त्याच्यापुढे बशी मुळातच हरली होती.

कुष्ठाचा जंतू हॅन्सनने नॉर्वेत १८७३ मध्ये ओळखला, क्षयाच्या जंतूच्या नऊ वर्षं आधी. तेव्हापासून आजतागायत तो कुठल्याही जेलीवर, कुठल्याही रसात वाढलेला नाही. ई-कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, क्षयाचा जंतू साधारण वीस तासांत. कुष्ठाच्या जंतूला बारा ते चौदा दिवस लागतात, तेही जिवंत शरीरात आणि मुख्यतः पेशींच्या आत. मॅक्रोफेज त्याने इतक्या ठासून भरलेल्या असतात की काचपट्टीवर लाल कांड्यांच्या मोळ्याच दिसतात. १९६० मध्ये अमेरिकेच्या चार्ल्स शेपर्डने उंदराच्या तळपायात हे जंतू टोचून वाढवून दाखवले. उंदराचा तळपाय शरीराच्या इतर भागांपेक्षा गार असतो आणि या जंतूला गारवा मानवतो. त्यामुळे औषधाची परीक्षा प्रथमच शक्य झाली. १९६४ मध्ये मलायातल्या सुंगेई बुलोहमधल्या पेशंटांचे जंतू डॅप्सोन या कुष्ठावरच्या औषधाला जुमानत नाहीत हे याच तळपायाने सिद्ध केलं. १९७१ मध्ये आर्माडिलो हा कवचधारी प्राणी या जंतूला बळी पडतो असं दिसलं आणि जंतूंचा पुरवठा वाढला. परीक्षा मात्र लांबलचकच राहिली. एका पेशंटच्या जंतूवर डॅप्सोन चालतं की नाही हे उंदराकडून कळायला सहा महिने ते वर्ष. तोवर पेशंट एक तर गाव सोडून गेलेला असे, नाहीतर बोटं गमावून बसलेला.

ही अडचण मुंबईला जास्त बोचत होती. डॉ. नोशीर अंतिया हे प्लास्टिक सर्जन. कुष्ठाने वाकडी झालेली बोटं आणि बसलेली नाकं जे. जे. रुग्णालयात दुरुस्त करणं हे त्यांचं नाव झालेलं काम. त्या शस्त्रक्रिया करताना त्यांना जाणवलं की मूळ आजार समजून घेतल्याशिवाय चाकू कितीही चालवला तरी ते अर्धंच काम. १९७० च्या दशकात त्यांनी वरळीला फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च उभी केली. छोटी संस्था, पण प्रश्न भलताच मोठा घेतलेला. कुष्ठाच्या पेशंटची मॅक्रोफेज या जंतूपुढे हतबल का होते? तन्नाझ बिर्डी, पद्मिनी साळगमे आणि पी. आर. महादेवन यांनी अंतियांबरोबर त्यावर काम केलं.

महादेवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामातून औषधाच्या परीक्षेची वाट काढली. ती समजून घ्यायला जरा सूक्ष्मदर्शकाजवळ बसावं लागेल.

मॅक्रोफेजच्या पृष्ठभागावर प्रतिपिंडांची शेपटी पकडणारे ग्राहक रेणू असतात. मेंढीच्या तांबड्या रक्तपेशींना प्रतिपिंडांचा लेप दिला आणि त्या मॅक्रोफेजवर सोडल्या, की त्या चोहोबाजूंनी चिकटतात आणि मधल्या मोठ्या पेशीभोवती तांबडं फूल उमलल्यासारखं दिसतं. शंभरातल्या किती पेशींभोवती असं फूल आलं, हे मोजायचं. निरोगी उंदराच्या पोटातून काढलेल्या मॅक्रोफेजमध्ये हा आकडा चांगला येतो. कुष्ठाचे जिवंत जंतू गिळले की तो घसरतो, कारण जिवंत जंतू आत बसून पेशीच्या पटलात बदल घडवतो आणि ग्राहक रेणू कमी होतात. मेलेले जंतू गिळले तर तसं होत नाही. आता जंतूंबरोबर औषधही घाला. फुलं पुन्हा पहिल्यासारखी आली तर औषधाने आतल्या जंतूला निकामी केलं. आली नाहीत तर जंतू जिवंत आहे आणि औषध कुचकामी. १९८४ मध्ये मानकर, जगन्नाथन आणि महादेवन यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. महिन्यांचं काम दिवसांवर आलं.

यातली खुबी बघा. सगळी दुनिया जंतू वाढवून मोजायच्या मागे होती आणि हा जंतू वाढतच नव्हता. वरळीच्या मंडळींनी जंतू मोजायचा नादच सोडला आणि ज्या पेशीच्या पोटात तो बसलाय तिच्यावरच्या खुणेवरून त्याची ख्यालीखुशाली ओळखली. पैसा कमी, उंदरांच्या खोल्या कमी, जंतूचा हट्टीपणा जास्त, अशा वेळी डोकं कसं चालवावं याचा हा नमुना आहे. आपल्या विज्ञानकथनात याला पानभरसुद्धा जागा मिळालेली नाही याचं मला नवल वाटतं.

दिल्लीच्या एम्समध्ये प्रसाद आणि इंदिरा नाथ यांनी १९८१ मध्ये आणखी एक युक्ती वापरली होती, तीही माणसाच्या मॅक्रोफेजवर. रक्तातून काढून वाढवलेली मानवी मॅक्रोफेज विभागत नाही, म्हणून तिला डीएनएसाठी थायमिडीनची गरज फारशी नसते. किरणोत्सारी थायमिडीन घातलं आणि ते आत शोषलं गेलं, तर ते घेणारा जंतूच. औषध घातल्यावर हे शोषण थांबलं की निकाल लागला.

कुष्ठाच्या उपचारात मग १९८० च्या दशकात डॅप्सोन, रिफाम्पिसिन आणि क्लोफाझिमिन ही तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत आली. त्यातल्या क्लोफाझिमिनची कुंडली पाहण्यासारखी आहे. डब्लिनच्या व्हिन्सेंट बॅरीच्या गटाने १९५० च्या दशकात ते क्षयासाठी शोधलं. क्षयात ते मागे पडलं आणि कुष्ठात स्थिरावलं. चरबीत विरघळणारं हे तांबूस औषध मॅक्रोफेजमध्ये इतकं साठतं की त्याचे स्फटिक होतात आणि पेशंटची त्वचा तांबूस-काळसर पडते. औषध योग्य जागी पोचतंय याचा हा धडधडीत पुरावा. पण गोरीगोमटी सून अचानक काळवंडली की गावात कुजबुज होते आणि गोळ्या चुलीत जातात. आता हेच क्लोफाझिमिन औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठी परत बोलावलं गेलंय.

इकडे जेन्टामायसिनलाही वेगळीच नोकरी मिळाली. १९६३ मध्ये जाहीर झालेलं हे औषध पेशीच्या आत शिरत नाही, हा त्याचा अवगुण संशोधकांनी हत्यार म्हणून वापरला. पेशींना जंतू गिळू दिले की काही जंतू बाहेर तरंगत राहतात आणि मोजणी बिघडवतात. तिथे जेन्टामायसिन घाला. बाहेरचे मरतील, आतले सुरक्षित. मग पेशी धुऊन ज्या औषधाची परीक्षा घ्यायची ते घाला. ठरलेल्या वेळी साबणासारख्या द्रावाने पेशी फोडा आणि आतून निघालेले जंतू जेलीवर पसरून मोजा. क्षयाच्या जंतूसाठी जेन्टामायसिनऐवजी बहुधा अमिकासिन घेतात. यातही एक गोम आहे: जास्त वेळ ठेवलं तर हे औषध हळूहळू आत झिरपतं आणि आपण तपासायला घेतलेल्या औषधाचं श्रेय लाटतं.

आणि पेशी कुठून आणायच्या? प्रत्येक वेळी कोणाच्या दंडातून रक्त काढायचं तर दोघांच्या पेशी सारख्या वागत नाहीत. १९८० मध्ये जपानच्या त्सुचिया आणि सहकाऱ्यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या एक वर्षाच्या मुलाच्या पेशींपासून टीएचपी-१ नावाची अखंड वाढणारी पेशीमालिका तयार केली. या पेशी द्रवात तरंगतात. त्यांना मॅक्रोफेज बनवायला पीएमए नावाचं रसायन किंचित लागतं. एक-दोन दिवसांत त्या पसरून फ्लास्कच्या तळाला चिकटतात आणि गिळायला लागतात. हे पीएमए मुळात सापडलं जमालगोट्याच्या तेलात. आपल्याकडच्या जुन्या घरात ज्या बियांचं नाव काढलं की पोरं पळून जात, त्याच्याच तेलातला हा रेणू. भारतातल्या प्रयोगशाळांना टीएचपी-१ लागल्या की पुण्याच्या गणेशखिंडीतल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहातून मागवता येतात. संस्था १९८६ मध्ये पेशी जपण्या-पुरवण्यासाठीच निघाली.

तरीही ही परीक्षा इस्पितळाच्या लॅबमध्ये आली नाही. एका पेशीमागे किती जंतू घालायचे, टीएचपी-१ घ्यायच्या की रक्तातून काढलेल्या, औषध किती तास ठेवायचं, प्रत्येक ठिकाणी उत्तर बदलतं. क्षयाच्या जंतूच्या वसाहती जेलीवर दिसायला तीन-चार आठवडे जातात, आणि जिवंत जंतू हाताळायला उच्च सुरक्षेची बंदिस्त खोली लागते. शिवाय औषध आत साठलं म्हणजे चाललंच असं नाही. ब्रसेल्सच्या टुल्केन्स आणि व्हॅन बाम्बेके यांच्या गटाने अनेक औषधांवर दाखवलं की पेशीत भरपूर साठणारं औषधही कप्प्यातल्या आम्लामुळे मंदावतं. अ‍ॅझिथ्रोमायसिनसुद्धा त्यातून सुटत नाही. फक्त ते इतकं साठतं की टायफॉइडपुरतं भागतं.

वरळीची पद्धतही रोजच्या वापरात टिकली नाही. तिन्ही औषधं एकत्र द्यायला लागल्यावर कुष्ठात प्रतिकाराची घाई ओसरली, आणि पुढे जंतूची जनुकंच वाचता येऊ लागली. आता त्वचेच्या तुकड्यातून डीएनए काढून डॅप्सोन आणि रिफाम्पिसिनशी संबंधित जनुकांत बदल आहे का, हे काही दिवसांत सांगतात. त्याला मॅक्रोफेज लागत नाही, उंदीर लागत नाही. पण जनुकवाचन सांगतं ते जुन्या, ओळखीच्या औषधांपुरतं. कुष्ठावर उद्या नवं औषध आलं, तर त्याला अजूनही मॅक्रोफेज आणि शेपर्डचा उंदराचा तळपाय या दोन्हींतून जावं लागतं, आणि तळपायाच्या निकालाला आजही महिनोन् महिने लागतात.